वैजूचं घड्याळ

"स्मार्टवॉच म्हणजे खेळणं. दोन वर्षांत भंगार," दिनकर पोतदार गिऱ्हाइकांना बजावायचे. मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी घड्याळंच दुरुस्त केली होती.

त्यांच्या लेकीला, वैजूला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळापासून क्षणभर हलेना. ते रडलं आणि आपल्याला कळलंच नाही तर, या धास्तीनं तिचा डोळा लागेना.

शेवटी दिनकरराव स्वतःच तसलं घड्याळ घेऊन आले. बाळ रडलं की मनगटावर थरथरणारं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळानं टाहो फोडला. दिनकरराव उठणार, तोच परसात कपडे वाळत घालणारी वैजू धावत आत आली. बाळाला छातीशी धरून, भरल्या डोळ्यांनी ती खुणांनी म्हणाली, "बाबा, यानं मला हाक मारली!"