ताशी वीसचा डबा

मारेगावच्या खोदलेल्या रस्त्यावर ‘ताशी वीस’ची पाटी होती आणि पाटीखाली लाल झेंडी घेतलेली पंचफुला. गाड्या ऐंशीनं तिच्या पदराला वारा घालत जायच्या. “पाटी दिसत नाई काय रे?” ती ओरडली. “थे ट्रकवाल्यायसाठी हाय, मावशी,” मोटारसायकलवाला म्हणाला. ट्रकवाल्यानं ती मोटारसायकलींसाठी असल्याचं सांगितलं. एका गाडीचा आरसा कोपराला चाटून गेला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. तिनं जेवणाचा स्टीलचा डबा तीन काठ्यांवर आडवा बांधला आणि गाड्यांवर रोखला. चलान फाडणारा कॅमेरा समजून सगळे वीसवर आले. एकानं तर उतरून हेल्मेट घातलं. दुपारी इंजिनिअर साहेबांची जीपही डबा पाहून रांगत आली. वहीत लिहीत ते म्हणाले, “पाटीचा परिणाम उत्तम. उद्यापासून झेंडीवाल्या बाईची गरज नाही.” पंचफुलानं दोरी सोडली. “पाटी ठेवा, सायेब. डबा माहा हाय.”