दारातली नक्कल

बायको गेली त्या दिवशी तिच्या शिवणकारखान्यातल्या बायका घरी आल्या. एक म्हणाली, "आता आम्हाला हसवणार कोण?"

मला वाटलं, या घर चुकल्या. आमची ही मुलखाची अबोल. काही विचारलं, तर नुसती मान हलवायची.

"अहो भावजी, तुमचीच नक्कल करायची. तुम्ही कामावरून येता, दारात खाकरता, तिथपासून. हसून हसून आमच्या मशिनी बंद पडायच्या."

"करून दाखवा," मी म्हणालो.

ती उठली. दारापाशी जाऊन खाकरली. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने खाली बसली. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या.

आमची हीसुद्धा रोज अशीच बसायची.

ती नक्कल मी अजून पाहिलेली नाही.