दंडावरची पट्टी

दुखणं थांबावं म्हणून नर्सताई आईच्या दंडावर औषधाची पट्टी चिकटवून जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पट्टी गायब, आई कण्हतेय. हे अफूच्या जातीचं जालीम औषध लोक चोरून विकतात, असं कानावर आल्यापासून थोरल्याच्या डोक्यात किडा वळवळत होता. आज ताई निघाल्या तसा तो दारातच आडवा आला.

"ताई, पिशवी जरा दाखवता?"

"दाखवते की. मग तुम्हीही खिसे उलटे करा, भाऊ. मलाही वर जाब द्यावा लागतो."

पिशवी झाली, खिसे झाले, हाती काही लागेना. बाजूला खुर्चीत बाबा घोरत होते; हल्ली सारखेच पेंगायचे. ताईंचं तिकडे लक्ष गेलं. हलवलं तरी उठेनात, श्वासही अडकत अडकत येत होता. ताईंनी त्यांचा लेंगा वर ओढला आणि गुडघ्यावरची पट्टी टरकन ओढून काढली.

"भाऊ, आधी अँब्युलन्स बोलवा."

अंथरुणातून आई हळूच म्हणाली, "ह्यांना रागावू नका, मीच चिकटवली. माझं दुखणं सगळे विचारतात, ह्यांच्या गुडघ्यांना कोण विचारतंय?"