रबरी बाळाचा श्वास

भावाकडे पाळणा हलणार म्हणून होऊ घातलेल्या आत्याबाईंच्या अंगात वारंच शिरलं होतं. तान्ह्या बाळाचा श्वास थांबला तर काय करायचं, ते शिकवणाऱ्या वर्गात त्या सगळ्यांच्या आधी हजर!

टेबलावरच्या रबरी बाळाच्या नाकातोंडावर तोंड ठेवून त्यांनी हळूच फुंकर घातली. छाती अलगद वर आली.

"जमलं की हो!" त्यांनी टाळ्याच पिटल्या.

शिकवणारी नर्स हसत वळली. "आत्याबाई, जरा दम धरा! तुमच्या बाळाच्या छातीतली हवेची पिशवी अजून माझ्याच हातात आहे. ती आत बसवल्याशिवाय छाती हलायचीच नाही."

आत्याबाईंनी खाली पाहिलं. छाती खाली गेली, आणि कुणी न फुंकता पुन्हा वर आली.

शिकवल्याप्रमाणे त्यांनी गाल बाळाच्या तोंडाशी नेला. गालावर उबदार श्वास आला. त्याला दुधाचा वास होता.