न विझणारा पिवळा दिवा

२००४ साली माझा नवरा ट्राउगोट एकोणऐंशी वर्षांचा होता आणि समोरून येणाऱ्या बसला ट्रॅक्टर समजायचा. तरी गाडी चालवणं सोडेना. "सरकारी तपासणीत गाडी नापास झाली, तर त्याच दिवशी परवाना परत करीन," असं ऐटीत सांगायचा, कारण सतरा वर्षांत ती एकदाही नापास झाली नव्हती.

त्या वसंतात गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएस ब्रेकचा पिवळा दिवा लागला. तो विझल्याशिवाय तपासणीत पास करत नाहीत. ट्राउगोटचा पुतण्या ऑयगेन गॅरेजवाला. त्यानं चाकाचा सेन्सर बदलला, कंट्रोल युनिट उघडून सुटलेले जोड सोल्डर केले. त्याच्या गॅरेजात दिवा विझायचा, पण आमच्या अंगणात दुसऱ्या सकाळी पुन्हा लागलेला असायचा.

"गाडी ठणठणीत आहे रे, दिवाच खुळा झालाय!" ट्राउगोट ओरडायचा.

"काका, जुनं इलेक्ट्रॉनिक्स आहे. तुमच्यासारखंच हट्टी!"

गाडी नापास झाली. ट्राउगोटनं शब्द पाळला आणि पुढची अकरा वर्षं बसमधून हिंडत ड्रायव्हरांना ब्रेक कसा दाबावा ते शिकवत राहिला. ऑयगेनही आता थकलाय, गॅरेज त्याची मुलगी चालवते.

त्या तपासणीच्या दिवशी, गाडी नेण्याआधी, ऑयगेननं मला बाजूला घेऊन माझा वाचायचा चष्मा हातात ठेवला होता.


"काकू, मागच्या सीटखाली सापडला, सेन्सरच्या उपटलेल्या प्लगशेजारी. दर वेळी मी तो प्लग परत लावत होतो. आज तसाच ठेवलाय."