नुसतं नाव

“मॅडम, आडनाव विचारलं तर चालेल?”

मी डस्टर टेबलावर आपटला. आंतरसांस्कृतिक अभ्यास हा मायनर, म्हणजे जोडविषय, मी वर्षभर घसा फोडून शिकवत होते, आणि या मुलांनी तो घेतला होता, कारण बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. आज शेजारी बसलेल्याची मुलाखत घ्यायची होती. आडनाव, गाव, कुलदैवत यातलं काही न विचारता माणूस समजून घ्यायचा, एवढंच.

“मग विचारायचं तरी काय?” पहिल्या बाकावरची मैथिली खरंच अडली होती.

“काय आवडतं, भीती कशाची वाटते, हसू कशाने येतं. अगं, आडनाव कळलं की आपण पुढचं ऐकायचं थांबतो.” मी फळ्यावर ‘आडनाव’ लिहिलं आणि त्यावर भलीमोठी फुली मारली.

तेवढ्यात बंगळूरहून लेकीचा फोन आला. ती या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून मी वर्गातच उचलला.

“आई, घाबरू नकोस. मी लग्न ठरवलंय. निहार नाव त्याचं, माझ्याच ऑफिसात आहे. मला खूप हसवतो गं.”

माझे डोळे भरून आले.

“किती छान,” मी म्हणाले. “पण नुसतं निहार काय, आडनाव सांग ना.”

मैथिलीने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली मान घालून पहिला प्रश्न लिहून घेतला.