सोबतीचा बिल्ला

इंग्रजीचे सर परिषदेला आले खरे, पण गळ्यातल्या बिल्ल्यावर छापलं होतं, ‘सोबती’. शोधनिबंध दोघांनी पाठवले होते, निवडला बायकोचा. मंचावर ती सांगत होती, मुलांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत गोष्टी लिहू द्या, चुका मागाहून काढा. सभागृह मान डोलवत होतं, इकडे सरांचा तिळपापड झाला. सकाळीच चहा पिताना म्हणाली होती, “अहो, परीक्षेचं कुणी विचारलं तर माझी बोबडी वळेल.” सरांनी माइक मागितला. “मॅडम, अशी मुलं परीक्षेत नापास झाली तर?” तिनं नवऱ्याकडे रोखून बघितलं. “नापास तुमच्या वर्गातलीही होतात, सर. माझ्या मुलांकडे निदान गोष्ट तरी उरते.” टाळ्यांचा कडकडाट. शेजारच्यानं पाठीवर थाप मारली. “ठरवून विचारलंत ना? बायकोसाठी एवढं कोण करतं हो!” सरांनी कसनुसं हसत बिल्ला उलटा केला. मागेही ‘सोबती’च छापलं होतं.